अतिघामावर उपचार घेताना: मार्च ते जुलै

उन्हाळ्यात घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे ‘मला फार घाम येतो’ ही तक्रार कुणी मनावर घेत नाही. घरचे घेत नाहीत आणि बरेचदा आपण स्वतःही घेत नाही. ज्यांचे कपडे सकाळीच भिजून अंगाला चिकटतात, कुणाच्या हातात हात देताना ज्यांना आधी तळवा पुसावा लागतो आणि ज्यांनी अजून हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझे उपचार मार्चमध्ये सुरू झाले आणि जुलैत जरा स्थिरावले. मधल्या काळात काय झालं ते क्रमाने सांगते.

तळहातांचा घाम माझ्या शाळेपासूनचा. परीक्षेत उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल घेऊन लिहायचे, नाहीतर शाई फुटायची. आईचे हातही तसेच, त्यामुळे हा आजार असू शकतो असं घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. या वर्षी मात्र उकाडा सुरू झाला आणि पाठ, मान, डोकं, छातीखालचा भाग सगळंच निथळायला लागलं. पंख्याखाली शांत बसले असतानाही. दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागायचे. लोकांच्या जवळ उभं राहायची भीती वाटायला लागली, बोलावणी टाळायला लागले, आणि हे टाळणं वाढतंय असं लक्षात आल्यावर मार्चमध्ये फॅमिली डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी गोळी लिहून देण्याआधी प्रश्नच खूप विचारले. घाम सगळ्या अंगाला येतो की ठरावीक जागी? दोन्ही बाजूंना सारखा येतो का? वजन उतरलंय का, संध्याकाळी ताप येतो का, छातीत धडधडतं का, पाळी नियमित आहे का? घरात आणखी कुणाला आहे? कोणकोणती औषधं चालू आहेत? आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं: झोपेत घाम येतो का?

तो का महत्त्वाचा, हे त्यांनीच समजावलं. तळहात, तळपाय, काखा, चेहरा अशा ठरावीक जागी लहान वयापासून येणारा अतिघाम सहसा झोपेत थांबतो. झोपेतही अंथरूण भिजत असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं: थायरॉइड जास्त काम करणं, रात्री रक्तातली साखर उतरणं, क्षयासारखा संसर्ग, काही रक्ताचे आजार, पाळी जाण्याचा काळ किंवा एखादं औषध. म्हणून त्यांनी हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर (संसर्ग-सूज असल्यास वाढणारी चाचणी), टीएसएच (थायरॉइडसाठी), उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर) आणि छातीचा एक्स-रे सांगितला. या सगळ्यात उपाशी राहावं लागतं ते साखरेसाठी, किमान आठ तास. पाणी प्यायलेलं चालतं. गरमीच्या दिवसांत सकाळची पहिली वेळ मागून घ्या. उपाशीपोटी घाम गाळत रांगेत बसलं की चक्कर येते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. हायसं वाटलं आणि त्याच क्षणी थोडं खचायलाही झालं, कारण मग हा घाम कशाचा? रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे तक्रार खोटी आहे असं नव्हे, हे डॉक्टर आपणहून म्हणाले. त्या एका वाक्याचा मला पुढे फार आधार झाला. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली आणि तोवर रोजची नोंद ठेवायला सांगितली.

नोंदवही साधी होती. वेळ, शरीराचा भाग, त्या वेळी काय करत होते, हवा किती गरम आणि किती दमट, कपडे बदलले का. रात्रीच्या नोंदीसाठी उशाशी पेन्सिल ठेवली आणि मध्ये जाग आली की हात, काखा, पाठ चाचपून लिहायचे. काही रात्रींनंतर एक गोष्ट वहीत स्वच्छ दिसायला लागली: झोपेत माझे हात पूर्ण कोरडे असायचे आणि पाठ मात्र ओली. खोली गार असली तरी ओली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही, पण माझा सगळा उपचार पुढे या एका नोंदीवरून फिरला.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळायला एप्रिलचा मध्य उजाडला. थांबण्याच्या या आठवड्यांत हातात एवढंच होतं की गरमी नीट सांभाळायची. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण औषध कुठलंही घ्या, हे करावंच लागतं.

घाम अंग गार करतो तो वाळताना. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून खाली पडलेला थेंब जवळजवळ काहीच नेत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर आणखी घाम सोडतं आणि चिकचिकाट वाढत जातो. हे कळल्यावर मी घट्ट कपडे बाजूला ठेवले. सुती कपडा घाम शोषतो, पण भिजला की तसाच अंगाला चिकटून राहतो. म्हणून कापडापेक्षा सैलपणा महत्त्वाचा ठरला, आणि दुपारसाठी एक कोरडा जोड सोबत. घाम सारखा कोरड्या रुमालाने टिपण्याऐवजी ओल्या पंचाने मान, हात, पाठ पुसून वाऱ्यात बसलं तर जास्त गार वाटतं. मात्र हवा 40 अंशांच्या वर गेली की पंख्यावर विसंबू नये. तो गरम हवाच अंगावर आणतो. अशा वेळी गार पाण्याने अंग ओलं करावं, किंवा गार जागी जावं.

आणखी एक धीर देणारी गोष्ट. उन्हाळ्याच्या सुरुवातीला घाम वाढणं काही प्रमाणात नैसर्गिकच असतं. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि सवय होते तसा घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. त्यामुळे पहिल्या गरम आठवड्यातल्या घामावरून घाबरून जाऊ नका. आठवडे उलटूनही तसंच राहिलं तर दाखवा.

पाण्याबरोबर मीठही जातं. फार घाम गेल्यावर नुसतं पाणी लिटरच्या लिटर पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. डोकं दुखतं, मळमळतं. ज्या दिवशी कपडे पार भिजायचे त्या दिवशी मी ओआरएस घ्यायचे. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच ते विरघळवायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नये, प्रमाण बिघडतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र मीठ-पाण्याचं गणित आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

याच काळात पाठीवर घामोळं आलं आणि छातीखालच्या घडीत लाल चट्टा उठला. घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बुजणं, त्यामुळे त्यावर तेलकट, जाड मलम लावलं की वाढतं. गार पाण्याची अंघोळ आणि मोकळी हवा एवढ्यावर ते बसलं. चट्टा बुरशीचा निघाला. घडीतला चट्टा खाजत असेल आणि कडा लाल होऊन पसरत असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि बुरशी आतून पसरत राहते.

एप्रिलमध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी वही हातात घेतली आणि पहिल्यांदा रात्रीच्या नोंदी वाचल्या. मग मला एक ते चार यातला एक आकडा सांगायला सांगितलं. एक म्हणजे घाम जाणवतही नाही, चार म्हणजे असह्य आणि रोजच्या कामात सतत अडथळा. मी तीन म्हणाले. हा आकडा केसपेपरवर लिहून घ्या. पुढे औषधाचा गुण आला की नाही हे ठरवायला तोच उपयोगी पडतो.

त्यानंतर त्यांनी माझ्या काखेत आयोडीन लावलं. ते वाळल्यावर वरून पांढरं स्टार्च भुरभुरलं आणि थांबायला सांगितलं. आधी काही झालं नाही. मग एक निळा-काळा ठिपका उठला, शेजारी दुसरा, आणि बघता बघता मुठीएवढा गर्द डाग तयार झाला. त्याच्या कडेची पांढरी पूड तशीच कोरडी होती. जिथून घाम येतो तेवढीच जागा काळी होते. इतकी वर्षं लोकांना सांगूनही जे पटलं नव्हतं, ते माझ्या त्वचेवर उमटलेलं पाहून मला रडू आलं. डॉक्टर काही बोलल्या नाहीत, त्यांनी त्या डागाची कड पेनाने आखून घेतली.

निदान दोन भागांत निघालं. तळहात, तळपाय आणि काखांचा घाम हा मूळचा, म्हणजे प्राथमिक अतिघाम: लहान वयात सुरू झालेला, दोन्ही बाजूंना सारखा, झोपेत थांबणारा, आईलाही असलेला. यात घर्मग्रंथी चांगल्याच असतात, त्यांना जाणारा मज्जातंतूंचा आदेश जास्त असतो. पाठ आणि डोक्याचा घाम यात बसत नव्हता, कारण तो झोपेतही येत होता आणि याच वर्षी वाढला होता. हिवाळ्यात मला चिंतेच्या त्रासासाठी एक गोळी सुरू झाली होती. एसएसआरआय नावाच्या, चिंता आणि नैराश्यावर देतात त्या गटातल्या या गोळ्यांनी बऱ्याच जणांचा घाम वाढतो, आणि तो रात्रीही येतो. औषधांच्या यादीत ती मी लिहिली होती, पण थंडीत फारसं जाणवत नव्हतं म्हणून दोन्हींचा संबंध कुणी जोडला नव्हता.

गोळी मनाने बंद करायची नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. अशी गोळी एकदम थांबवली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होऊ शकते, मूळ त्रासही उलटतो. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना पत्र दिलं, आणि तिथे डोस हळूहळू उतरवत दुसरं औषध सुरू करायचं ठरलं. याला कित्येक आठवडे गेले. मध्ये काही दिवस मन फार अस्थिर होतं. घाम कमी व्हावा म्हणून मनःस्वास्थ्य पणाला लावतेय का, हा विचार छळायचा. पण ठरलेल्या दिवशी डॉक्टर फोनवर विचारपूस करायच्या, त्यामुळे निभावलं. मे संपता संपता रात्रीची पाठ कोरडी राहायला लागली.

काखांसाठी 20 टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन मिळालं. आपण एरवी वापरतो तो डिओडरंट वास झाकतो किंवा वास करणारे जिवाणू कमी करतो. घाम कमी करत नाही. हे लोशन घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतं. ते रात्री लावायचं, कारण तेव्हा घाम कमी असतो. त्वचा पूर्ण कोरडी हवी. ओलाव्याशी मिसळलं की आग होते. मी अंघोळीनंतर बराच वेळ पंख्याखाली बसून मगच लावायचे, आणि सकाळी धुऊन टाकायचे. केस काढल्यावर एक-दोन दिवस लावायचं नाही. एवढं पाळूनही पहिल्या आठवड्यात खाज सुटली. तेव्हा एक दिवसाआड लावायला आणि सकाळी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मलम मोजकेच दिवस वापरायला सांगितलं. हळूहळू काखा कोरड्या झाल्या, आणि आता आठवड्यातून एकदा पुरतं. थेंब-थेंब लागत असल्याने बाटली बरीच टिकते. माझ्या सगळ्या उपचारांत सर्वांत स्वस्त हेच. अ‍ॅल्युमिनियमने स्तनाचा कर्करोग होतो का, हे मी घाबरत विचारलं होतं. आजवरच्या अभ्यासांत त्याचा ठोस पुरावा नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी विचारावं.

तळहातांना लोशनने काही फरक पडला नाही. तिथली त्वचा जाड असते. म्हणून मेमध्ये ग्लायकोपायरोलेटची गोळी कमी डोसमध्ये सुरू झाली. ही मज्जातंतूंचा ग्रंथींना जाणारा निरोपच अडवते, आणि तोही सगळ्या अंगभर. हात लवकर कोरडे झाले. त्याबरोबर तोंडाला कोरड पडली, वाचताना अक्षरं पुसट दिसायला लागली. गोळी देतानाच डॉक्टरांनी उन्हात फिरायचं नाही असं सांगितलं होतं, कारण घाम थांबला की शरीर गार होण्याचा रस्ताही बंद होतो.

एका दुपारी घराबाहेर काम निघालं. सावलीतूनच गेले होते. थोड्या वेळात चेहरा तापला, कानशिलं ठणकायला लागली, आणि कपाळाला हात लावला तर ते कोरडं ठणठणीत. इतक्या वर्षांत घामाशिवाय गरमी मी कधी अनुभवली नव्हती. ताबडतोब गार जागी बसले, डोक्यावर पाणी ओतलं, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी त्याच दिवशी बंद केली. ताप मोजला तेव्हा फार नव्हता, म्हणून घरीच निभावलं. पण अंग 40 अंशांपर्यंत तापलं, माणूस बरळायला लागला, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपत असेल तर तो उष्माघात. तेव्हा घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. अंगावर गार पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा.

त्या दुपारनंतर माझं घामाकडे बघणं बदललं. पाठीचा, मानेचा घाम मला हवाय, तो मला जिवंत ठेवतो. थांबवायचा तो हातांचा आणि काखांचा, तोही तिथल्या तिथे. पुढचे सगळे निर्णय या एका कसोटीवर घेतले. शस्त्रक्रियेने छातीतला मज्जातंतू कापून हातांचा घाम थांबवता येतो, पण त्यानंतर अनेकांना पाठ, पोट, मांड्यांवर भरपाईचा घाम सुटतो आणि कापलेलं परत जोडता येईल याची खात्री नसते. मी तो पर्याय लगेच बाजूला ठेवला. बोट्युलिनम विषाच्या, म्हणजे बोटॉक्सच्या, इंजेक्शनांचा काखेत साधारण सहा महिने गुण राहतो, पण तळहातात ती दुखतात आणि काही आठवडे पकड सैल होऊ शकते. शिवाय हा सगळ्यांत खर्चिक मार्ग, आणि गुण ओसरला की पुन्हा करावा लागणारा.

जूनमध्ये आयन्टोफोरेसिस सुरू केलं. दोन उथळ ताटल्यांत साधं नळाचं पाणी, त्यात तळवे बुडवायचे आणि पाण्यातून 15 ते 20 मिलिअँपिअरचा सौम्य प्रवाह सोडायचा. एका बैठकीला वीस-तीस मिनिटं लागतात, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. अंगठ्या, बांगड्या काढायच्या. कापलं-खरचटलं असेल तिथे आधी व्हॅसलीन लावायचं, नाहीतर तिथेच चुरचुरतं. प्रवाह चालू असताना हात एकदम बाहेर काढायचा नाही, झटका बसतो. पेसमेकर असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे करू नये. अंगात धातूची पट्टी किंवा सळी असेल तर आधी सांगावं. पहिले काही आठवडे फरकच दिसला नाही आणि मी सोडून देण्याच्या बेतात होते. मग एके दिवशी कागदावर लिहिताना हाताखालचा रुमाल तसाच कोरडा राहिला. आता घरी स्वतःचं यंत्र आहे. एकरकमी पैसे गेले, पण दवाखान्यात जाऊन घेतलेल्या बैठकींची बेरीज केली तर ते लवकर वसूल होतं. आधी दवाखान्यात करून बघा, मगच घ्या.

कागदपत्रांचं लिहायलाच हवं. कार्यालयात बोटाच्या ठशाने हजेरी लागते आणि ओलं बोट यंत्र ओळखतच नाही. माझ्या नावावर कितीतरी ‘उशीर’ साठले होते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात आजाराचं नाव, तो कधीपासून आहे आणि ठसा उमटायला त्यामुळे अडचण येते, हे तिन्ही लिहून घेतलं आणि कार्डावर हजेरीसाठी अर्ज केला. पहिला अर्ज ‘वैयक्तिक कारण’ म्हणून परत आला. दुसऱ्यांदा प्रमाणपत्र, यंत्राने नाकारलेल्या नोंदींची यादी आणि जागा पंख्याजवळ मिळण्याची विनंती असं एकत्र दिलं, पोच घेतली, तेव्हा दोन्ही मंजूर झालं. विम्याचं अजून अडलंय. यंत्राचा खर्च ‘सौंदर्योपचार’ म्हणून नाकारला गेला. डॉक्टरांनी आता नव्याने पत्र दिलंय: आधी कोणते उपचार केले, कधीपासून कधीपर्यंत, का थांबवले, आणि एक ते चारमधला आकडा आधी किती होता, आता किती आहे. तुम्ही सुरुवात करत असाल तर प्रत्येक औषधाची सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा, पावत्यांची छायाप्रत काढा. छापील पावतीची शाई पुसून जाते.

आज माझा आकडा दोन आहे. हातांसाठी आठवड्यातून एकदा यंत्र, काखांना एकदा लोशन. तळपाय अजून ओलेच राहतात. त्यांच्यासाठी मोठ्या ताटल्या मागवल्यात, तोवर बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरते, म्हणजे प्रत्येकाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो. पाठीला घाम येतो, दुपारचा कोरडा जोड अजून पिशवीत असतो. पुढची तपासणी ऑगस्टमध्ये आहे.